रांगेतली लेकरं

आर्ट गॅलरीच्या दारातल्या मुलीला तिने सांगितलं, की आत बसली आहे ती माझी आई आहे. मुलीने गोड हसून मान डोलावली आणि रांगेचं टोक दाखवलं.

ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. आठवडाभर तापाने आडवी होती, तेव्हा धाकटा भाऊ स्वतःहून येऊन आईला आपल्याकडे घेऊन गेला होता. तू झोपून राहा, आईचं मी बघतो, म्हणाला होता. त्याच्या तोंडून असं काही प्रथमच ऐकून तिला भरून आलं होतं. आज सकाळी स्टिअरिंगवर बसलेल्या शिकाऊ बाईने गप्पांच्या ओघात सांगितलं, की काल ती एका प्रदर्शनात एका विसरभोळ्या म्हातारीची मुलगी होऊन आली आणि इतकी रडली, की मन अगदी हलकं झालं. मग तिने मोबाईलवरचा फोटो दाखवला. फोटोत आई होती.

भिंतीवर भावाचं नाव हातभर अक्षरांत होतं. आईचं कुठेच नव्हतं. स्मृती ही हुकूमशाही आहे आणि ही स्त्री तिच्यातून मुक्त झाली आहे, असं खाली लिहिलं होतं. त्याखाली सूचना होती: आत जा, तिला सांगा की तुम्ही तिचं मूल आहात. ती नाही म्हणणार नाही.

भावाने याआधीही कलेच्या नावाखाली बरंच काही केलं होतं. भर चौकात स्वतःचे केस पेटवून घेतले होते. एकदा महिनाभर फक्त एका भिंतीशी बोलला होता. त्यात निदान भिंतीला काही त्रास नव्हता.

आई काचेपलीकडच्या पांढऱ्या खोलीत, प्रखर दिव्याखाली खुर्चीवर बसली होती. पायांत चपला नव्हत्या, मोजेही नव्हते. गार फरशीवर बोटं आत वळवून घेतली होती. अनवाणी पाय जास्त बोलतात, असं काहीतरी भावाच्या डोक्यात आलं असणार.

आतलं बोलणं बाहेर स्पीकरवर ऐकू येत होतं. एक दाढीवाला गुडघ्यावर बसून म्हणाला, की आई, मी आलो. आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जेवलास का विचारलं. तो डोळे पुसत बाहेर आला आणि लगेच मित्राला म्हणाला, की फोटोत चेहरा नीट आलाय ना बघ. मग एक जोडपं हसत हसत तिची जुळी मुलं होऊन आलं. त्यांच्यामागून गेलेल्या तरुणाला काहीतरी वेगळं करायचं होतं. त्याने आईला सांगितलं, की मी चाललो, आता कधीच परत येणार नाही. आईचा हात हवेत तसाच राहिला. मग ती रडायला लागली, आवाज न करता, आणि रांगेतल्या लोकांनी गंभीरपणे माना हलवल्या. पांढऱ्या केसांचा एक समीक्षक भावाच्या कानाशी लागून म्हणाला, की हा क्षण विलक्षण होता. भावाने नम्रपणे मान खाली घातली, जसं काही ते रडू त्यानेच घडवलं होतं. घडवलं होतंच म्हणा.

तिची पाळी आली. आत काय बोलायचं ते तिने रांगेत ठरवून ठेवलं होतं. आई, मी आलेय, मी, खरी. पण आईने मान वर केली आणि तिचे डोळे पाहून तिला ते बोलवेना. त्या डोळ्यांत ओळख नव्हती, त्याची तिला सवय होती. आज त्यांत भीती होती.

"तू पण माझीच का गं?" आईने दमलेल्या आवाजात विचारलं.

ती खुर्चीजवळ गेली.

"नाही. मी ड्रायव्हर आहे. तुम्हाला घरी सोडायला गाडी आणलीये."

आईचे खांदे सैल पडले. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे वाकून हळूच म्हणाली, "बरं झालं बाई, आलात. सकाळपासून येतायत. एवढ्यांना मी जेवायला काय घालू? घरात काही नाही."

तिने आपली ओढणी काढून आईच्या खांद्यांवर टाकली, स्वतःच्या चपला तिच्या पायांत सरकवल्या आणि दंडाला धरून तिला उठवलं. दोघी बाहेर आल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई दचकून तिला चिकटली. समीक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

भाऊ लगबगीने आडवा आला. चेहरा आनंदाने फुलला होता.

"ताई, ड्रायव्हर! हे मला सुचलंच नव्हतं. रोज शेवटी येशील? याच वेळेला?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो दुसऱ्यांची खेळणी मोडायचा आणि मग कौतुकाची वाट बघत उभा राहायचा. तेव्हा घरातले सगळे हसायचे, तीसुद्धा.

"बाजूला हो," ती म्हणाली. तो बाजूला झाला, कारण मागे कुणीतरी चित्रीकरण करत होतं आणि त्यांची वाट अडवून उभं राहणं बरं दिसलं नसतं.

तिने आईला मागच्या सीटवर बसवलं आणि अनवाणी पायांनी गाडी सुरू केली. तेवढ्यात भाऊ धावत आला. आता त्याच्यामागे कॅमेरा नव्हता. त्याने उघड्या खिडकीतून आत हात घातला, आईचा हात धरला आणि म्हणाला, की आई, मी आहे, तुझा मुलगा.

आईने त्याला नीट न्याहाळलं. "असशील बाबा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली आणि आपला हात सोडवून घेतला. मग पुढे वळून म्हणाली,

"बाई, काच वर घ्या. अजून येतील."