ओहोटीची वेळ

रत्नप्रभा कोळीण कारखान्यात शिरली ती शिव्या घालायलाच, असं नंदकिशोरला वाटलं. तीन वर्षं तेच चाललं होतं. त्याच्या कारखान्याचं रंगाचं पाणी वाकोल्याच्या नाल्यात सुटायचं, नाला मिठी नदीला मिळायचा, आणि खाली खाडीच्या तोंडाशी हिच्या जाळ्यात मेलेली बोयटं यायची.

आज मात्र बाई खुर्ची ओढून बसली.

"चहा सांग रे. गुरुवारी तुझ्याकडं प्रदूषणवाल्या साहेबांची तपासणी हाय."

नंदकिशोरनं फोन खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"आमच्याच तक्रारीवर येतायत. पत्र माझ्या नावानं आलं. मला कुठं वाचता येतंय? नातीनं वाचून दाखवलं."

"मग मला कशाला सांगता, मावशी?"

"त्याच नातीसाठी. भाविका बारावी झाली. तुझ्या हापिसात घे तिला. भांडून भांडून माझे दात पडले, नदी काय सुधारली नाय. निदान पोरीचं तरी भलं होऊ दे."

नंदकिशोरला हसू फुटलं. एवढी जहांबाज बाई, शेवटी तीही पाघळलीच. पण मागचा हौद आठवला आणि हसू विरलं. आठवड्याचं लाल पाणी त्यात तुडुंब भरलं होतं. साहेबांनी ते पाहिलं की कारखान्याला कुलूप.

"आजच सोडून देतो."

"येडा की खुळा? पाणी वर चढताना सोडशील, न् सगळं तुझ्याच दारात तुंबेल. बुधवारी सकाळी दहाला सोड. ओहोटीचा जोर असतो. तासाभरात दर्यात."

"दिवसाढवळ्या? नाल्यावरच्या पुलावरून कुणी पाहिलं तर?"

"पुलावर थांबतं कोण? नाकाला रुमाल लावून पळतात सगळी."

नंदकिशोरनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "बुधवारी अमावास्या आहे, मावशी."

"घाण टाकायला मुहूर्त बघतोस व्हय रे?"

तो ओशाळला. बाईचा जन्म खाडीत गेलेला. पाण्याचं तिला विचारायचं नाही, तर कुणाला? एक तारखेला भाविकाला पाठवा, असं त्यानं कबूल केलं. दारापर्यंत पोचवायलाही गेला.

बुधवारी दहाला त्यानं स्वतः हौदाची झडप उघडली. लाल पाणी धो धो नाल्यात कोसळलं. वीसेक पावलं गेलं आणि थबकलं. मग हळूहळू उलटं फिरलं, त्याच्याच भिंतीकडे.

नंदकिशोरनं मान वर केली. पुलाच्या कठड्याशी रत्नप्रभा उभी होती. शेजारी दोन साहेब, हातात पाण्याच्या नमुन्यासाठी रिकाम्या बाटल्या.

"सावकाश उतरा, साहेब," ती सांगत होती. "भरती चढतेय. बारापर्यंत हे हलायचं नाय."