बिनआवाजाची पिकअप

चार महिने शोरूमच्या चकरा मारून बंकटनं अखेर विजेवर चालणारी, जराही आवाज न करणारी पिकअप घेतली. पहिल्याच दुपारी मेंढरांची पेंड भरून तो माळावर पोचला, तर एकाही मेंढरानं मान वर केली नाही. हॉर्न दिला, तर कळप आणखी लांब गेला. हाका मारून मारून त्याचा घसा बसला.

"रोज तर पळत येत्यात, आजच कावून येईनात?" तो सोबत आलेल्या बायकोवर वैतागला.

"तुमी आल्यालं त्यांना कळलं तर पायजे," सत्यभामा म्हणाली.

तेवढ्यात मेंढरांनी कान टवकारले आणि सगळा कळप रस्त्याकडे पळत सुटला.

 

रस्त्यावरून दिंद्रुडचा पप्पू खडखडत चालला होता, बंकटनं कालच त्याला विकलेल्या डिझेलच्या जुन्या पिकअपमधून.