फो पा

“यावर कुणाचा विश्वास बसणार नाही,” म्हणत आबाकाकांनी तळहातावरच्या तंबाखूला चुना लावला. पूजेला जमलेली मंडळी सरसावून बसली. स्वयंपाकघराच्या दारातली वृंदा मात्र जागची हलली नाही. गेल्या वर्षी याच पूजेच्या पंचामृताला घाण वास आला आणि भांडं नीट न घासल्याचा ठपका सासूबाईंनी तिच्यावर ठेवला. तेव्हापासून देवाच्या भांड्यांना तिला हात लावू देत नाहीत.

“पाँडिचेरीत एका फ्रेंच साहेबाला पूजेला बोलावलं होतं. त्याला वाटलं, पंचामृत हात धुवायला ठेवलंय. बुडवली की पाची बोटं. शी, चुना-तंबाखूचा तो भपकारा! तीर्थ घेतलेले सगळे मोरीकडे धावले. साहेब लाजून म्हणाला, ‘फो पा.’ म्हणजे चारचौघांत नकळत झालेली चूक. फ्रेंचमध्ये म्हटलं की माणूस सुटतो बघा.”

सगळे हसले. सासूबाईसुद्धा. वृंदाच्या जिभेवर मात्र गेल्या वर्षीच्या पंचामृताची तीच किळसवाणी चव परत आली.

“काका,” ती म्हणाली, “फ्रेंच साहेब तंबाखूला चुना कधीपासून लावायला लागले?”