नापास पत्र

“पहिल्याच ओळीत पैसे मागतोय. पत्र असं लिहितात होय?”

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बहिणीला हाक मारली. “ताई, ये इकडे. हा बघ तुझा नातू.”

ताई भिंतीचा आधार घेत घेत आल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लिहिलं होतं, ‘प्रिय आजी, मी तुझा नातू. मोठ्या संकटात आहे. ताबडतोब पैसे पाठव.’

“माझा नातू अजून रांगतोय,” ताई म्हणाल्या.

“तरी लिहायला लागला. हुशार निघालं पोरगं.”

घरात कॉम्प्युटर एक आणि मेलचा पत्ताही दोघांत एकच. मामा त्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करत. कारण ताईंचा स्वभाव. दारात अनोळखी माणूस आला तरी त्या आधी खुर्ची द्यायच्या आणि मग नाव विचारायच्या. त्यातून गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेली सगळी पुंजी त्यांच्या खात्यात. म्हणून मामांनी त्यांना तीन चाळण्या पाठ करून घेतल्या होत्या. पहिल्याच ओळीत मागतो, तो लबाड. ज्याला घरातलं काही माहीत नसतं, तो लबाड. पूर्ण नावाची सही करून माया दाखवतो, तो तर पक्का लबाड.

ताईंच्या लेकीने, चिमणीने, मामांना ‘शंकासुर’ नाव ठेवलं होतं, ते उगीच नाही.

पण शंकासुराला एक खोड होती. उभी नोकरी वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं तपासण्यात गेलेली. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा तिथला दंडक. रागावलेल्याला उत्तर, चक्रम माणसाला उत्तर, शिव्या देणाऱ्यालाही उत्तर. तो हात अजून थांबत नव्हता. त्यांनी लिहिलं, ‘पत्र नापास. आजीची विचारपूस नाही, जिव्हाळा नाही. पुन्हा लिहा.’

रविवारी चिमणी आली, बाळाला कडेवर घेऊन.

“मामा! उत्तर दिलंस त्याला?”

“नुसते कान उपटले.”

“कान उपटायला जवळ जावं लागतं ना? उत्तर गेलं की त्याला कळतं, या पत्त्यावर माणूस राहतो. बोलका माणूस!”

“अगं, मला कोण फसवणार?”

“तुला नाही रे फसवता यायचं, पण...”

तेवढ्यात बाळाने साहेबांची शेपटी मुठीत धरली. साहेब म्हणजे घरातला बोका. तो ओरडला, बाळ रडलं, ताई धावायला गेल्या आणि गुडघा धरून मटकन खाली बसल्या. चिमणीचं वाक्य तिथेच राहिलं.

दोन दिवसांनी त्या नातवाचं उत्तर आलं. ‘सर, माफ करा. मला नीट लिहायला कुणी शिकवलंच नाही.’

“आता मागेल बघ,” मामा म्हणाले.

त्याने मागितलं नाही. पुढच्या मेलमध्ये लिहिलं, हे काम सोडतोय. आईशी बरीच वर्षं बोलणं नाही. तिला लिहावंसं वाटतं, पण सुरुवात कशी करू?

मामांची भुवई आणखी वर गेली. न मागणारा लबाड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पाणी कुठेतरी मुरत होतं खास. ‘सापडशील लेका,’ असं मनाशी म्हणत ते उत्तरं देत राहिले. स्वतःबद्दल अवाक्षर लिहायचं नाही, एवढं पथ्य मात्र त्यांनी कसोशीने पाळलं. नाव नाही, वय नाही, पेन्शन नाही.

पण शिकवायला दाखले लागतात. मनाने रचलेला दाखला मामांना कधी जमलाच नाही. मान वळवून जे दिसेल, तेच उचलत. समोर ताई स्टुलावर बसून पाय चोळत होत्या आणि त्यांच्या खुर्चीत साहेब पसरले होते.

‘आई म्हणजे तिचं दुखणं आणि तिचं घर,’ मामांनी लिहिलं. ‘आधी तेच विचारावं. असं बघ: आई, गुडघा काय म्हणतोय? जिना उतरताना कठडा धर. आणि साहेब तुझ्या खुर्चीवरून उठले, की अजून तुझ्या नशिबी स्टूलच? हा आमचा बोका. आमची भाची रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, फोन कपाटात ठेवून कामाला बसते. तरी आईच्या ऑपरेशनची सगळी धावपळ तीच करते आणि चिठ्ठीखाली नुसतं चिमणी लिहिते. माया ती ही. मागणं असेलच तर अगदी शेवटी, जाता जाता.’

त्यावर एकच ओळ आली. ‘सर, आता जमेल. आज आईला लिहितो. आशीर्वाद द्या.’

मामांनी वाट पाहिली. चार दिवस, आठ दिवस. मागणं काही आलं नाही. तेव्हा कुठे त्यांची भुवई जागेवर आली.

“सुधारला गं पोरगा,” ते ताईंना म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते मेलचा पहारा सोडून निवांत केस कापायला गेले.

परत आले तेव्हा ताई स्टुलावर बसून गालात हसत होत्या.

“आज कुणाला खुर्ची दिलीस?” मामांनी विचारलं.

“टिंगल पुरे. चिमणीची मेल होती. हॉस्पिटलचं खातं बदललंय म्हणे, दुपारच्या आत पैसे भरायचे होते. भरले मी सगळे.”

“तिला फोन केलास?”

“कामावर असताना ती कधी उचलते? आणि मी काय तशीच भरीन? तुझ्या तिन्ही चाळण्या लावल्या. एकीतही अडकलं नाही बघ. तूच वाच.”

मामांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

‘आई, गुडघा काय म्हणतोय? जिना उतरताना कठडा धर. आणि साहेब तुझ्या खुर्चीवरून उठले, की अजून तुझ्या नशिबी स्टूलच?’