वाकडी शीर

संग्रहालयातले पतंग सांभाळणाऱ्या बाई दोन प्राध्यापकांपायी जेरीस आल्या होत्या. धाकटा प्राध्यापक पंखातली एखादी शीर वाकडी असल्याचं दाखवून नवी प्रजाती जाहीर करायचा आणि बाई टाचण्या उपटून ते पतंग कपाटाच्या नव्या खणात मांडायच्या. मग थोरला प्राध्यापक "डोळे तपासून घे म्हणावं त्याला! सरळसोट तर आहे शीर!" असं खेकसला, की पतंग पुन्हा जुन्या खणात. ज्या पतंगांची अळीसुद्धा वीत वीत मोजून पुढे सरकते, त्यांच्या नशिबी असले मोजणारे!

थोरल्याच्या शेऱ्यांपायी धाकट्याची बढतीही लटकलेली. शेवटी बाईंनीच त्याला कानमंत्र दिला, "सर, शिरा पुरे झाल्या. आता जरा नावाकडे लक्ष द्या."

या खेपेला धाकट्याचा नवा लेख समोर येताच थोरल्याने भिंगाला हात न लावताच लाल पेन उघडलं. तेवढ्यात त्याची नजर नव्या प्रजातीच्या नावावर गेली. ते त्याच्याच आडनावावरून ठेवलेलं होतं.

त्याने पेनाला टोपण लावलं, भिंग स्वच्छ पुसलं आणि तो बराच वेळ त्याला डोळा लावून बसला.



"अहो बाई, इकडे येऊन बघा तरी! केवढी वाकडी आहे ही शीर!"