काकांची जीभ

माशांची टाकी बसवायला आलेल्या टाकीवाल्याला अजून भिंतीतला प्लगही सापडला नव्हता, तेवढ्यात काकांच्या गप्पांची गाडी समुद्रावर जाऊन पोहोचलीसुद्धा.

"आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं हो," खुर्ची पुढे ओढत ते म्हणाले. "खाऱ्या पाण्यातले मासे घरात जगतात, हेच कुणाला पटायचं नाही. लोक मला वेड्यात काढायचे."

काढणाऱ्यांत आपण पहिल्या होतो, आणि मत बदलावं असं अजून काही घडलेलं नाही, असं मटार सोलता सोलता काकूंच्या मनात आलं. बापाच्या वाढदिवसाला लेकीने ही नवी टाकी पाठवली होती. निळे दिवे, आवाज न करणारा पंप, आणि पाण्याची खबर मोबाइलवर देणारी एक पांढरी डबी. टाकीला जागा हवी म्हणून काकूंचं शिलाई मशीन सकाळीच, त्यांना न विचारता, पॅसेजमध्ये गेलं होतं.

"पाणी कुठून आणायचात तेव्हा?" टाकीवाल्याने नळ्या जोडताना विचारलं. भल्या माणसाने आगीत तेल ओतलं.

"समुद्रातून! दर रविवारी. स्कूटरवर दोन मोठे कॅन. थंडी म्हणू नका, पाऊस म्हणू नका, मी आपला निघालो."

कॅन दोन होते हे खरं. ते मांडीवर घेऊन मागे कोण बसायचं, हे त्या स्कूटरला बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. झाकणं गळायची, आणि घरी पोहोचेपर्यंत काकू कमरेखाली पार खारवलेल्या असायच्या.

"आणि वीज गेली की?"

"वीज गेली की हवा बंद. मग सायकलचा पंप घ्यायचा न् मारत बसायचं. तास न् तास पंप मारलाय मी."

काकूंच्या बोटांत एक शेंग फाटकन फुटली. "जरा धर गं, आलोच," म्हणून काका जे जायचे, ते दिव्यांबरोबरच उगवायचे.

काकूंना काही हारतुरे नको होते. ही कथा त्यांनी पाहुण्यांपुढे ऐकली होती, शेजाऱ्यांपुढे ऐकली होती, व्याह्यांपुढेही ऐकली होती, आणि दर वेळी वाट पाहिली होती की कुठेतरी एकदा 'मी'च्या जागी 'आम्ही' येईल. काकूंनाही ते दिवस आठवायचे. दगडामागून पहिला मासा बाहेर आला, तेव्हा दोघंही चहा विसरून जमिनीवर बसले होते. दिवस दोघांचे होते, आठवण मात्र एकट्याच्या नावावर झाली होती. राग होता तो याचाच.

"एक पिवळा होता, बशीएवढा," काका हळवे झाले. "हातातून खायचा. आमच्या हातून गेला बिचारा. म्हणजे हिने साबणाचा हात बुडवला."

आला 'आम्ही', काकूंनी मनात म्हटलं. मासा मरायला बरी दोघं लागत होती!

टाकीवाल्याने मिठाची पिशवी फोडून पाण्यात कालवली, मग डबी पाण्यात सोडून मोबाइल बघत बसला. "मिठाचं प्रमाण कशाने मोजायचात काका?"

"मोजायला होतं काय? जीभ!" काकांनी ती बाहेर काढून दाखवली. "सकाळी उठलं की चमचाभर पाणी जिभेवर. पाणी उडून गेलं की खारटपणा वाढतो. लगेच कळायचं मला. मग मगभर गोडं पाणी घालायचं. वर्षानुवर्षं या जिभेने मासे जगवलेत."

काकूंचे हात थांबले. स्कूटर गेली, पंप गेला, पण जीभ आजवर कथेत नव्हती. आज तीही नेली. लेक पोटात होती तेव्हा त्याच चमच्याने त्यांना मळमळून यायचं. बेसिनवर जाऊन ओकायच्या, तोंड पुसत परत यायच्या आणि सांगायच्या, "एक मग घाला."

"डबी मोबाइलला सापडत नाहीये," टाकीवाला म्हणाला. "थोडा वेळ लागेल."

"छे! थांबायचं कशाला?" काका तरातरा स्वयंपाकघरात गेले, चमचा घेऊन आले, तो टाकीत बुडवला आणि तसाच, पाणी न सांडता, खाली हात धरून, वळून काकूंच्या तोंडापुढे नेला.

"अगं, बघ जरा."

टाकीवाल्याने चमच्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. मग मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"मी कशाला?" काकू म्हणाल्या. "जीभ तुमची ना?"

चमचा हवेतच राहिला. काकांनी एकदा टाकीवाल्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि हसत हसत चमचा तोंडात रिकामा केला.

हसू तिथेच गेलं. डोळे मिटले, गाल आत ओढले गेले. थुंकावं तर परका माणूस समोर, म्हणून त्यांनी ते कसंबसं गिळलं. डोळ्यांना पाणी आलं.

"अगं," डोळे पुसत ते म्हणाले, "एवढं खारट असायचं?"

काकूंनी मटाराचं पातेलं बाजूला ठेवलं, काकांचा चेहरा एकदा निरखला आणि त्या टाकीवाल्याकडे वळल्या.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या.