आखडायच्या आधी

“बाहेर रुद्रेशची आई आलीय,” डॉक्टर नुजहत म्हणाल्या. “शिरोळहून एकटी एसटीनं आलीय. तुम्ही नको म्हणालात तर मी तिला परत पाठवते.”

मल्लेश फरशीवर बसला होता. खुर्ची होती, चांगली गादीची. पण तिच्यावर बसलं की डोकं खिडकीच्या कट्ट्याच्या वर जायचं. कारगिलहून आल्यापासून दोन वर्षांत त्यानं आपलं डोकं कुठल्याच खिडकीत दिसू दिलं नव्हतं. एसटीतही तो दोन बाकांच्या मध्ये खाली बसायचा आणि कंडक्टर त्याला दारुडा समजायचा. गावानं त्याच्यावरून इतकी लिंबं उतरवली, की तेवढ्यात एका लग्नाचं सरबत झालं असतं. शेवटी थोरली बहीण दानेश्वरी त्याला धरून मंगळवार पेठेत घेऊन आली. जिन्यावरची पाटी मनोविकारांची. ती वाचत वर येणारी माणसं, आपण शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे आलोय, असं कुणी न विचारताच सांगायची.

नुजहतबाईंची रीत साधी होती. कारगिलच्या त्या पहाटे काय झालं ते पहिल्यापासून सांगायचं, पुन्हा सांगायचं, सांगून सांगून त्याची धार बोथट करायची. मल्लेशनं तेरा वेळा सांगितलं आणि तेराही वेळा तो एकाच जागी थांबला. रुद्रेशला गोळी लागली, तो पडला, पुढचं आठवत नाही. आठवत सगळं होतं. ते दोघांनाही माहीत होतं.

“येऊ द्या तिला,” मल्लेश म्हणाला.

“घाई नाही. आज नको असेल तर राहू दे.”

“मॅडम, दोन वर्सं ती आमच्या दारात येऊन बसतीया, आनि मी परड्यातनं पळून जातोय. किती पळू?”

बसम्मा आत आली. तिनं खुर्चीकडे पाहिलं, मल्लेशकडे पाहिलं आणि त्याच्यासमोर फरशीवरच बसली. मल्लेश आणि रुद्रेश ही एका गल्लीतली दोन पोरं तिच्या हातची भाकरी खाऊन वाढली, एकदमच पलटणीत गेली. मल्लेशही तिला अव्वाच, म्हणजे आईच, म्हणायचा.

“सांग,” ती म्हणाली. “माझा रुद्रेश कसा गेला, तेवढं सांग.”

“दगडाचा आडोसा हुता अव्वा, कमरंएवढा बी न्हवता. रुद्र्याला पोटात गोळी लागली. पडला, मग हललाच न्हाय. मी नाडी बघितली. थंडीनं बोटं बधिर झालती, काय लागंना.”

तो थांबला. नेहमीची जागा आली होती.

“मग मी त्येला बसिवला,” मल्लेश म्हणाला.

लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर देतात आणि तसाच खड्ड्यात उतरवतात. हे सगळं अंग आखडायच्या आधी करावं लागतं. एकदा आखडलं की गुडघे वळत नाहीत.

“त्या गारठ्यात घटकाभरात लाकूड झालं असतं त्येचं. गावात आणून बसवायचा कसा? म्हनून लगेच मांडी घातली. गळ्यातलं लिंग काढून हातावर दिलं. दगडाला टेकवून ठेवला.”

बसम्मा त्याच्याजवळ सरकली.

“आमच्याकडं पेटी आली,” ती म्हणाली. “बरोबर आलेल्या जवानांनी हात जोडलं, उघडू नका म्हनले. पेटीसकट आडवाच ठेवला. दोन वर्सं हीच आग हाय पोटात, की माझ्या लेकाला कुणी बसिवलं न्हाय.” तिनं मल्लेशच्या गालावर हात ठेवला. “तू बसिवलास म्हन की.”

डॉक्टरांनी वही मिटली. इथं थांबता आलं असतं. आई आशीर्वाद देऊन गावी गेली असती आणि मल्लेशही मान वर करून घरी गेला असता. त्याला ते कळलं आणि मोहही झाला. त्यानं सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ते अर्धं होतं.

“अजून हाय,” तो म्हणाला. तिचा हात त्यानं गालावरून खाली घेतला. “रुद्र्या उंच. बसिवल्यावर डोस्कं दगडाच्या वर गेलं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय. समोरनं दुसरी गोळी आली. मानंत लागली.”

“मेलेल्याला लागली. त्येला काय कळतंय?”

“रगत उडालं, अव्वा. माझ्या तोंडावर उडालं. मेलेल्याचं रगत उडत न्हाय.”

बसम्माला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं आपला हात त्याच्या हातातून काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

मल्लेश रडू लागला. दोन वर्षांत पहिल्यांदाच, तोंड न झाकता, मोठ्यानं. खालच्या दुकानातलं बोलणंसुद्धा थांबलं. डॉक्टर नुजहत याच रडण्याची वाट बघत होत्या. त्यांना बरं वाटलं, आणि बसम्माकडे नजर जाताच बरं वाटल्याची लाज वाटली.

हळूहळू हुंदके थांबले. मल्लेशनं डोकं भिंतीला टेकलं, डोळे मिटले. श्वास संथ झाला. बसम्मा त्याच्याकडे बघत होती. मग गुडघ्यावर हात देऊन ती उठली आणि डॉक्टरांच्या टेबलापाशी गेली.

“ह्येला आता झोप लागंल,” ती म्हणाली. “मला तुमच्याकडं यायला कवाची येळ देता, बाई?”